विंडोज सोडताय आणि डेटाबेस अडकलाय? दुसऱ्या सिस्टिमवर चालणारं डेटाबेस सॉफ्टवेअर कसं निवडायचं

ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची म्हटलं की ब्राउझर, मेल, फोटो यांची काळजी नसते, ते कुठेही मिळतं. अडतं ते डेटाबेसपाशी. वर्षानुवर्षं मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये भरत आलेली सभासदांची यादी असते, गोदामाचा स्टॉक असतो, पेशंटच्या नोंदी असतात, आणि नव्या मशीनवर ती फाइल कॉपी करून डबल क्लिक केलं की उघडतच नाही, मग घाईघाईत समोर दिसेल ते फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं जातं आणि पुढे सगळं परत करावं लागतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, विंडोज ११ न चालणारी पण बाकी धडधाकट असलेली मशीन्स बरेच जण लिनक्सवर नेतायत, कोणी मॅक घेतोय, त्यामुळे हा प्रश्न आता प्रोग्रामर नसलेल्यांनाही पडतोय. हे सगळं त्यांच्यासाठीच लिहितोय, म्हणजे ज्यांना डेटाबेस वापरता येतो पण निवडायची वेळ कधी आली नाही अशांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डेटा हलवणं सोपं असतं. टेबलं, रकाने, नोंदी हे सगळं एका दिवसात इकडून तिकडे जातं. जात नाहीत ते फॉर्म, रिपोर्ट, मॅक्रो आणि बटणामागचा कोड. म्हणून "कुठला डेटाबेस चांगला" हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न हा की तुमचं नक्की काय जुन्या सिस्टिमला बांधलेलं आहे.

पहिली पायरी: काय काय बांधलेलं आहे ते शोधा

कुठल्याही डेटाबेसचे चार थर धरा. डेटा साठवलेली फाइल, ती फाइल वाचणारं-लिहिणारं इंजिन, माणसं जिथे टाइप करतात ते स्क्रीन आणि रिपोर्ट, आणि बाकीची सॉफ्टवेअर्स ज्यातून जोडली जातात तो ड्रायव्हर. यातला एकेक थर वेगवेगळा अडकू शकतो.

ॲक्सेसमध्ये चारही थर एकाच डब्यात असतात, म्हणून तिथे त्रास सगळ्यात जास्त. फाइल डॉट एमडीबी किंवा २००७ पासूनची डॉट एसीसीडीबी, इंजिन मायक्रोसॉफ्टचं, फॉर्म-रिपोर्ट त्याच फाइलमध्ये, कोड व्हीबीए या ऑफिसच्या प्रोग्रामिंग भाषेत. मॅकसाठी ॲक्सेस कधीच निघालेलं नाही, मॅकच्या ऑफिसमध्ये वर्ड-एक्सेल असतं पण ॲक्सेस नसतं, हे बऱ्याच जणांना मॅक घेतल्यावर कळतं. लिनक्सवर तर प्रश्नच नाही.

मायक्रोसॉफ्टचंच एसक्यूएल सर्व्हर वापरत असाल तर चित्र बरंच वेगळं. २०१७ च्या व्हर्जनपासून ते लिनक्सवर अधिकृतपणे चालतं, रेड हॅट आणि उबंटू या लिनक्सवर, आणि विंडोजवर घेतलेला बॅकअप लिनक्सवरच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये सरळ रिस्टोअर होतो. म्हणजे इथे इंजिन सुटलेलं आहे. पण मॅनेजमेंट स्टुडिओ हे टूल फक्त विंडोजवर, रिपोर्टिंग सर्व्हिसेस आणि ॲनालिसिस सर्व्हिसेस लिनक्सवर नाहीत, लोकलडीबी ही एका मशीनपुरती छोटी आवृत्तीही नाही. तुमचे रिपोर्ट रिपोर्टिंग सर्व्हिसेसवर असतील तर "एसक्यूएल सर्व्हर लिनक्सवर चालतं" या वाक्याचा तुम्हाला अर्धाच उपयोग आहे.

फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेसवाले अजूनही भेटतात. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ नंतर पुढचं व्हर्जन आलंच नाही आणि जानेवारी २०१५ ला सपोर्टही संपला. त्यांचा डेटा डॉट डीबीएफ फाइलमध्ये असतो आणि ही फाइल लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडते, मेमो फील्डची (लांब मजकुराच्या रकान्याची) जोडफाइल मात्र सोबत त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

आता एक कागद घ्या. टेबलं किती, सगळ्यात मोठ्या टेबलात नोंदी किती, फॉर्म किती आणि त्यातले खरंच रोज वापरले जाणारे किती, रिपोर्ट किती, कोणत्या बटणामागे कोड आहे, एकाच वेळी किती माणसं लिहितात, कोण फक्त वाचतं, आणि बाहेरचं कुठलं सॉफ्टवेअर या डेटाला जोडलेलं आहे, उदाहरणार्थ एक्सेलची एखादी शीट जी थेट टेबलमधून आकडे ओढते. ही शेवटची गोष्ट कायम विसरली जाते. कागद भरायला एक दुपार लागते आणि बहुतेक वेळा लक्षात येतं की ढीगभर फॉर्मपैकी चार-पाचच चालू आहेत, बाकीचे कोणीतरी कधीतरी करून ठेवलेले. हे कळलं की पुढचं काम निम्म्यावर येतं.

दुसरी पायरी: कोणत्या गटात बसता ते ठरवा

एकच माणूस, एकच मशीन, किंवा फाइल पेनड्राइव्हवरून इकडे तिकडे न्यायची आहे: एसक्यूलाइट. माझं मत इथे ठाम आहे. २००० साली डी. रिचर्ड हिप यांनी सुरू केलेलं, पब्लिक डोमेनमध्ये असलेलं, म्हणजे लायसन्सची कटकट शून्य. अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये आणि ती फाइल विंडोज, मॅक, लिनक्स, इंटेल प्रोसेसर, एआरएम प्रोसेसर कुठेही जशीच्या तशी उघडते, काही कन्व्हर्ट करायचं नाही. २००४ च्या व्हर्जन ३ पासूनच्या फाइली नवीन व्हर्जनला वाचता येतात आणि बनवणाऱ्यांनी २०५० पर्यंत सपोर्ट द्यायचं ठरवलंय. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने डेटा जपून ठेवण्यासाठी सुचवलेल्या फॉरमॅटमध्येही ते आहे. तुमच्या फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये ते आत्ताही चालू आहे. नोंदी बघायला, भरायला डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट घ्या, ते तिन्ही सिस्टिमवर मिळतं.

पण दोन मर्यादा समजून घ्या. एका वेळी एकच जण लिहू शकतो. आणि ही फाइल नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून चार मशीनवरून उघडायची नाही, नेटवर्क फाइलसिस्टिमचं लॉकिंग भरवशाचं नसतं आणि फाइल खराब होऊ शकते, हे एसक्यूलाइटचे लोक स्वतःच सांगतात. ॲक्सेस वापरणाऱ्यांना शेअर्ड फोल्डरची सवय असते म्हणून मुद्दाम सांगतोय.

एकापेक्षा जास्त माणसं एकाच वेळी लिहिणार असतील तर सर्व्हर पद्धतीचा डेटाबेस लागतो, म्हणजे इंजिन एका मशीनवर कायम चालू आणि बाकीचे त्याला जोडले जातात. इथे एक फायदा लगेच मिळतो, सर्व्हर लिनक्सवर असला आणि जोडणारी मशीन्स विंडोज-मॅक-लिनक्स अशी मिश्र असली तरी काही बिघडत नाही. नवीन सुरू करणाऱ्याला मी पोस्टग्रेस सुचवतो. बर्कलेमध्ये १९८६ ला सुरू झालेल्या प्रोजेक्टचं हे पुढचं रूप, १९९६ पासून पोस्टग्रेसक्यूएल या नावाने. कुठल्या एका कंपनीच्या मालकीचं नाही, दर वर्षी एक मोठं व्हर्जन येतं आणि प्रत्येकाला ५ वर्षं सपोर्ट असतो, आणि चुकीचा डेटा आत घेताना ते कडक वागतं, तारखेच्या रकान्यात "३१ फेब्रुवारी" टाकलं तर सरळ नाही म्हणतं. सुरुवातीला याचा राग येतो पण मायग्रेशनच्या, म्हणजे डेटा हलवण्याच्या, वेळी हाच कडकपणा तुमच्या जुन्या डेटातली घाण बाहेर काढून देतो.

मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी कधी घ्यायचं? तुम्ही जे तयार सॉफ्टवेअर वापरणार आहात, म्हणजे वेबसाइटचं किंवा हिशोबाचं वगैरे, तेच जर त्यांच्यावर चालत असेल तर. दोन्ही चांगली आहेत आणि तिन्ही सिस्टिमवर आहेत. फक्त दोन्ही एकच आहेत असं समजू नका. २०१० मध्ये मायएसक्यूएल त्याच्या तेव्हाच्या मालक कंपनीबरोबर, सन मायक्रोसिस्टिम्सबरोबर, ओरॅकलकडे गेलं, त्याच्या आसपासच मूळ लेखकांपैकी माँटी विडेनियस यांनी मारियाडीबी वेगळं काढलं आणि तेव्हापासून वाटा लांब गेल्यात. डेबियन या लिनक्सवर डीफॉल्ट मायएसक्यूएल सर्व्हर मागितला तर मारियाडीबी येतं, आणि मायएसक्यूएल ८ च्या डम्पमधलं (डेटाबेस फाइलमध्ये काढलेल्या प्रतीमधलं) डीफॉल्ट कोलेशन, म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारं सेटिंग, मारियाडीबीच्या बऱ्याच व्हर्जन्सना ओळखूच येत नाही, डम्प मध्येच एरर देऊन थांबतो. जुन्या मशीनवर जे आहे तेच नव्यावर टाका, नावासकट आणि शक्यतो व्हर्जनसकट.

फायरबर्ड हाही एक पर्याय, एक फाइल आणि तिन्ही सिस्टिम, जुनं एखादं सॉफ्टवेअर त्यावर चालत असेल तर जरूर ठेवा.

तिसरी पायरी: फॉर्म आणि रिपोर्टचं काय

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या कारण वापरणाऱ्या माणसांना इंजिन दिसत नाही, त्यांना स्क्रीन दिसतो. त्यांना विचारलं तर त्यांचा डेटाबेस म्हणजे तो हिरव्या बटणाचा फॉर्म.

लिबरऑफिस बेस हे ॲक्सेससारखं दिसणारं, फुकट आणि तिन्ही सिस्टिमवर चालणारं. फॉर्म बनतात, रिपोर्ट बनतात, क्वेरी चित्रासारखी जोडून करता येते. ॲक्सेसचे फॉर्म त्यात आपोआप येतील अशी आशा मात्र सोडा, ते परत बनवावे लागतात आणि व्हीबीए कोड परत लिहावा लागतो. आणि एक सल्ला कळकळीने देतो: बेसची फाइल बनवताना ते डेटा त्याच डॉट ओडीबी फाइलच्या आत ठेवायचा पर्याय देतं, तो शिकण्यापुरता ठीक आहे, खऱ्या कामाला नको. मधे मशीन बंद पडलं तर आतला डेटा जाण्याचा धोका असतो. त्याऐवजी डेटा पोस्टग्रेस किंवा मारियाडीबीमध्ये ठेवा आणि बेसचा उपयोग फक्त समोरचा स्क्रीन म्हणून करा, दोन्हींना जोडायची सोय बेसमध्येच आहे.

दुसरा रस्ता ब्राउझरचा. बेसरो किंवा नोकोडीबीसारखं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर टाकायचं, माणसं ब्राउझरमधून नोंदी भरतात, दिसायला बरंचसं एक्सेलसारखं. फायदा उघड आहे, उद्या परत सिस्टिम बदलली तरी समोरच्या माणसाला काही फरक पडत नाही, फोनवरूनही उघडतं. छापायच्या रिपोर्टच्या बाबतीत मात्र ॲक्सेसची सर येत नाही, तुमचं काम छापील पावत्यांवर चालत असेल तर आधी तेवढंच तपासा.

फाइलमेकरची चौकशी बरेच जण करतात. क्लॅरिस ही ॲपलचीच उपकंपनी ते बनवते, मॅक आणि विंडोजवर ते उत्तम चालतं, फॉर्म बनवायला ॲक्सेसपेक्षाही सोपं वाटेल. पण पैसे मोजावे लागतात आणि लिनक्सवर त्याचा फक्त सर्व्हर चालतो, डेस्कटॉप ॲप नाही. विंडोजवरून मॅकवरच जायचं आहे आणि बजेट आहे तर विचार करण्यासारखं.

आणि मधला रस्ता, जो मला घाईत असलेल्यांसाठी सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. ॲक्सेसमधली टेबलं पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलमध्ये हलवायची, आणि ॲक्सेसच्या जुन्या फाइलमध्ये त्याच टेबलांच्या ओडीबीसी (वेगवेगळे डेटाबेस जोडायची ठरलेली पद्धत) लिंक जोडायच्या. फॉर्म तेच, रिपोर्ट तेच, फक्त डेटा आता मोकळ्या जागी आहे. एक विंडोज मशीन किंवा व्हर्च्युअल मशीन तेवढ्यापुरतं ठेवा, बाकीचे हळूहळू नव्या स्क्रीनवर येऊ देत. वाइन या लिनक्स-मॅकवर विंडोजची सॉफ्टवेअर्स चालवणाऱ्या टूलमध्ये ॲक्सेस चालवायच्या मागे लागू नका, एखादं व्हर्जन चालतंही, पण रोजच्या कामाचा डेटा त्या भरवशावर ठेवू नये.

चौथी पायरी: "सपोर्टेड" लिहिलंय म्हणजे नक्की काय ते तपासा

सॉफ्टवेअरच्या पानावर तीन लोगो दिसले म्हणून भागत नाही. सर्व्हर कुठे चालतो, क्लायंट टूल कुठे चालतं आणि ड्रायव्हर कुठे मिळतो हे तीन वेगळे प्रश्न विचारा. टूलसाठी डीबीव्हर घेऊन ठेवा, ते जावावर चालतं म्हणून तिन्हीकडे सारखंच दिसतं आणि जवळजवळ सगळे डेटाबेस त्यातून उघडतात. पोस्टग्रेससाठी पीजीॲडमिन आणि मायएसक्यूएलसाठी वर्कबेंचही तिन्हीकडे आहेत.

प्रोसेसर बघा. २०२० पासूनच्या ॲपलच्या एम सिरीजच्या मॅकमध्ये एआरएम प्रोसेसर असतो. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूलाइट तिथे मुळातूनच चालतात. एसक्यूएल सर्व्हर मॅकवर थेट बसतच नाही, तो डॉकर या सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या टूलमध्ये चालवावा लागतो आणि एम सिरीजवर तोही इंटेलची नक्कल करून, शिकायला-तपासायला ठीक, पण त्यावर ऑफिस चालवू नका.

बिटनेस बघा. ओडीबीसीमध्ये ३२ बिट सॉफ्टवेअरला ३२ बिटचाच ड्रायव्हर लागतो आणि ६४ ला ६४ चा. "ड्रायव्हर टाकलाय तरी दिसत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा याचीच असते. विंडोजवर ओडीबीसी मॅनेजर आधीच असतो, लिनक्सवर युनिक्सओडीबीसी नावाचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं.

लिनक्सवर डिस्ट्रोच्या (म्हणजे उबंटूसारख्या लिनक्सच्या प्रकाराच्या) स्टोअरमधून मिळणारं व्हर्जन थोडं जुनं असू शकतं. नव्या व्हर्जनचा डम्प जुन्यात जाईलच असं नाही, उलटं मात्र सहसा जातं, त्यामुळे नव्या मशीनवरचं व्हर्जन जुन्याच्या बरोबरीचं किंवा पुढचं हवं. पोस्टग्रेस पहिल्यांदा उबंटूवर टाकणाऱ्यांना अजून एक गोष्ट अडवते, विंडोजचा इन्स्टॉलर पासवर्ड विचारतो, उबंटूवर कोणी विचारतच नाही आणि मग लॉगिन करताना "पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड" येतं. तिथे आधी सिस्टिमच्या पोस्टग्रेस नावाच्या युजरने आत जायचं आणि मग स्वतःसाठी युजर आणि पासवर्ड बनवायचा. सुरुवातीला सर्व्हर फक्त त्याच मशीनवरची कनेक्शन घेतो, नेटवर्कवरून जोडायला सेटिंग बदलावं लागतं, ते गरजेपुरतंच उघडा.

पाचवी पायरी: छोटी चाचणी, आणि तीही मराठी डेटावर

निवड पक्की करायच्या आधी एक मोठं आणि एक किचकट टेबल घेऊन हलवून बघा. ॲक्सेसमधून डेटा काढायला जुन्या विंडोजवरच सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) एक्सपोर्ट करणं सगळ्यात सरळ. विंडोज हाताशी नसेल तर लिनक्स आणि मॅकवर एमडीबी टूल्स नावाचं फुकट पॅकेज आहे, ते फाइलमधली टेबलं वाचून सीएसव्ही काढून देतं. जावा चालत असेल तर यूकॅनॲक्सेस ड्रायव्हरने डीबीव्हरमधूनही ॲक्सेसची फाइल उघडते. मायएसक्यूएल, एसक्यूलाइट किंवा एसक्यूएल सर्व्हरवरून पोस्टग्रेसकडे जायचं असेल तर पीजीलोडर बघा, टेबलं बनवण्यापासून डेटा भरण्यापर्यंत तो करतो.

पोस्टग्रेसचं डेटा फोल्डर उचलून दुसऱ्या सिस्टिमवर ठेवू नका. ते त्या व्हर्जनशी आणि त्या मशीनशी बांधलेलं असतं. डम्प काढा, डम्पच न्या. आणि विंडोजवर डम्प पॉवरशेल या कमांड विंडोमधून काढत असाल तर त्या "पेक्षा मोठं" चिन्हाने फाइलमध्ये वळवू नका, विंडोजबरोबर येणारं जुनं पॉवरशेल ती फाइल यूटीएफ-१६ या वेगळ्या अक्षरपद्धतीत लिहितं आणि पलीकडे ती लोड होत नाही. डम्पच्या कमांडमध्येच आउटपुट फाइलचं नाव द्यायचा पर्याय असतो, तो वापरा.

आता ज्या ठिकाणी खरंच बारकाईने बघायचं ते.

अक्षरं. सगळीकडे यूटीएफ-८ (सगळ्या भाषांची अक्षरं साठवणारी पद्धत) ठेवा. मायएसक्यूएलमध्ये मात्र "यूटीएफ८" या नावाचं जे जुनं सेटिंग आहे ते ३ बाइटपर्यंतच जातं, मराठी त्यात बसतं पण इमोजी बसत नाही, आणि आजकाल लोक शेऱ्याच्या रकान्यात इमोजी टाकतातच, म्हणून "यूटीएफ८एमबी४" घ्या. मायएसक्यूएल ८ पासून तेच डीफॉल्ट आहे. एक्सेलला सीएसव्हीमधलं मराठी नीट दिसायला फाइलच्या सुरुवातीला बॉम नावाची खूण लागते, पण तीच खूण बाकीच्या टूल्समध्ये पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते आणि "असा कॉलम नाही" असा एरर येतो, नाव तर समोर बरोबर दिसत असतं. असं झालं की आधी बॉमवर संशय घ्या.

जुना डेटा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर तो डेटाबेसच्या दृष्टीने मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग आहे, फॉन्ट काढला की उघडी पडते. नव्या सिस्टिमवर तो फॉन्ट टाकून दिवस ढकलू नका, हलवतानाच युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा, कारण शोध आणि क्रम दोन्ही त्याशिवाय चालणार नाहीत.

सिस्टिम बदलली की कीबोर्डही बदलतो, आणि हे मराठीत फार महत्त्वाचं आहे. "ॲ" हे अक्षर एका कीबोर्डवर एकच कोड म्हणून उमटतं, दुसऱ्यावर अ, मग न दिसणारा जोडणारा कोड, मग चंद्र असं तीन तुकड्यांत. "दऱ्या" मधला र सुद्धा दोन पद्धतीने लिहिता येतो. डोळ्याला दोन्ही सारखंच, डेटाबेसला वेगळं. त्यामुळे जुनी नोंद जुन्या कीबोर्डची आणि शोध नव्या कीबोर्डवरून, निकाल शून्य. अशा अक्षरांची यादी करून जुना डेटा एकाच पद्धतीत आणून घ्या आणि नवीन नोंद आत जातानाही तोच बदल आपोआप होईल अशी सोय करा.

क्रम. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. डेटाबेस फक्त कोडच्या क्रमाने लावत असेल तर छापील यादी लोकांना चुकीची वाटणार. शिवाय पोस्टग्रेस बहुतेक ठिकाणी क्रमासाठी ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररीवर अवलंबून असतं, म्हणून विंडोजवरचा आणि लिनक्सवरचा क्रम वेगळा निघू शकतो. आयसीयू (सिस्टिमवर अवलंबून नसलेली युनिकोडची लायब्ररी) कोलेशन घेतलं तर सिस्टिम बदलली तरी क्रम सहसा तोच राहतो, नवीन डेटाबेस बनवतानाच ते ठरवा.

टेबलांची नावं. मायएसक्यूएलमध्ये विंडोजवर टेबलाच्या नावात लहान-मोठं अक्षर सारखंच धरलं जातं, लिनक्सवर वेगळं. विंडोजवर वर्षभर नीट चाललेली क्वेरी लिनक्सवर "टेबल सापडत नाही" म्हणते ती यामुळे. याचं एक सेटिंग आहे पण मायएसक्यूएल ८ मध्ये ते फक्त पहिल्यांदा सर्व्हर तयार करतानाच लावता येतं, नंतर नाही. पोस्टग्रेसची तऱ्हा अजून वेगळी, अवतरणचिन्हात न दिलेली सगळी नावं ते लहान लिपीत करून टाकतं. सोपा उपाय एकच, हलवतानाच सगळी टेबलं आणि रकाने लहान लिपीत, स्पेसऐवजी अंडरस्कोर टाकून करून घ्या. ॲक्सेसमध्ये रकान्याच्या नावात स्पेस असतेच, ती इथे काढली नाही तर प्रत्येक क्वेरीत नडते.

तारखा आणि हो-नाही. ॲक्सेस तारीख आतमध्ये ३० डिसेंबर १८९९ पासूनच्या दिवसांचा आकडा म्हणून ठेवतं, त्यामुळे नुसती वेळ साठवलेली असेल तर एक्सपोर्टमध्ये १८९९ ची तारीख दिसू शकते, घाबरू नका, तिथे फक्त वेळेचा प्रकार घ्या. तारखा वर्ष-महिना-दिवस अशाच एक्सपोर्ट करा, नाहीतर ५ मार्च आणि ३ मे यांची अदलाबदल होते आणि एररही येत नाही. ॲक्सेसमधलं "हो" म्हणजे उणे १, बाकीकडे १ किंवा ट्रू. जुन्या क्वेरीत "उणे १ बरोबर" असं लिहिलेलं असेल तर ती मायएसक्यूएल किंवा एसक्यूलाइटमध्ये काही न बोलता रिकामा निकाल देते. शोधातलं ॲक्सेसचं तारा चिन्ह इतरत्र टक्का होतं. पैशांचे रकाने दशांशाच्या ठरलेल्या प्रकारात घ्या, पोस्टग्रेसमध्ये न्यूमेरिक, फ्लोट या अंदाजे आकडे ठेवणाऱ्या प्रकारात अजिबात नको.

आपोआप वाढणारे नंबर. जुन्या नोंदी नंबरसकट आत टाकल्या की पुढचा नंबर कुठून सुरू करायचा हे पोस्टग्रेसला आपोआप कळत नाही, पहिली नवीन नोंद टाकली की "हा नंबर आधीच आहे" म्हणून एरर. सीक्वेन्स, म्हणजे पुढचा नंबर देणारा काउंटर, शेवटच्या नंबरपुढे नेऊन ठेवा, हे काम हलवण्याच्या यादीतच लिहून ठेवा.

सहावी पायरी: ताडून बघा, मग बदला

प्रत्येक टेबलाच्या नोंदींची संख्या दोन्हीकडे मोजा. रकमेच्या रकान्यांची बेरीज दोन्हीकडे काढा. सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी तारीख बघा. रिकामे रकाने मोजा, कारण ॲक्सेसमधलं काहीच नसणं आणि रिकामा मजकूर असणं हे सीएसव्हीमधून जाताना एकच होऊन बसतं. मग डोळ्यांनी, मराठी नावं असलेल्या काही नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचा, जोडाक्षरं बघा. एक जुना रिपोर्ट घ्या, त्याच महिन्याचा नव्यात काढा, आकडा पैशापर्यंत जुळला पाहिजे.

ज्यांना रोज काम करायचं आहे त्यांना नवा स्क्रीन आधी हाताळू द्या, निदान त्यांची रोजची एक पूर्ण फेरी, नोंद भरण्यापासून छापण्यापर्यंत. त्यांनी "हे बटण कुठे गेलं" विचारलं तर ते लिहून घ्या, कारण त्यातूनच कळतं की पहिल्या पायरीच्या कागदावर काय राहून गेलंय.

बदलायचा दिवस कामाचा ताण कमी असेल असा घ्या, आदल्या संध्याकाळी जुन्यात नोंदी बंद, शेवटचा एक्सपोर्ट, लोड, ताडणी, आणि सकाळपासून नवं. दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवायच्या फंदात पडू नका, कोणती खरी हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. पहिल्याच दिवसापासून नव्या डेटाबेसचा रोजचा बॅकअप लावा आणि तो दुसऱ्या एका मशीनवर, जमलं तर दुसऱ्याच ऑपरेटिंग सिस्टिमवर, रिस्टोअर करून बघा. तिथे तो उघडला तर निवड बरोबर झाली आणि पुढच्या वेळी सिस्टिम बदलताना हे सगळं परत करावं लागणार नाही. जुनी फाइल पुसू नका, तिला फक्त रीड-ओन्ली करून ठेवा, म्हणजे सवयीने कोणी तिच्यात नवीन नोंद टाकणार नाही आणि वर्षअखेरीला एखादा जुना आकडा बघायची वेळ आली तर ती हाताशी असेल.